जुन्या गेमचं म्युझिक पळतंय? विचित्र सॅम्पल रेटचा ऑडिओ एन्कोड करण्याआधी काय करायचं

मागच्या गणपतीत भाचा डोंबिवलीहून आमच्याकडे परळला आला होता, लॅपटॉप घेऊनच. आमच्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या प्लेस्टेशनच्या सीड्या अजून आहेत, त्यातल्या एका रेसिंग गेमचं म्युझिक त्याने काढलं होतं आणि मोबाईलवर ऐकायला एमपीथ्री करायची होती. म्हणाला, "मामा, हे ऐक ना, सगळं बरोबर आहे पण काहीतरी पळतंय." ऐकलं. खरंच पळत होतं, आणि नुसतं पळत नव्हतं, वर पण चढलं होतं. बाबांची पेटी बाजूलाच होती, सूर लावून बघितला. गेममध्ये ती धून पांढरी एकवर आहे हे मला वर्षानुवर्षं ऐकून पाठ होतं, आणि भाच्याच्या फाईलमध्ये ती पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होती. कुठल्याच पट्टीत नाही. पेटीवर सापडतच नाही असा सूर आला की समजायचं, हे गाणाऱ्याचं नाही, सॅम्पल रेटचं काम आहे.

त्याला जे समजावलं तेच इथे लिहितोय, जरा सविस्तर, कारण पहिल्यांदा हे करणारा जवळपास प्रत्येकजण याच ठिकाणी अडकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

डिजिटल ऑडिओ म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आवाजाची लाट दर सेकंदाला ठराविक वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणीचा एक ठिपका मांडायचा. सेकंदाला किती ठिपके, तो सॅम्पल रेट. ऑडिओ सीडीचा ४४१००, व्हिडीओचा बहुतेक वेळा ४८०००. पण फाईलमध्ये जे असतं ते नुसते ठिपके, एकापाठोपाठ एक आकडे, दोन ठिपक्यांत अंतर किती हे त्या ठिपक्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. ते वेगळं लिहितात, फाईलच्या सुरुवातीला हेडर असतो त्यात. म्हणजे एक लेबलच समजा.

आता यातून दोन अगदी वेगळी कामं निघतात आणि सगळा गोंधळ ही दोन कामं एक समजण्यात आहे. पहिलं काम लेबल बदलायचं: ठिपके तेच, फक्त त्यांच्यातलं अंतर किती ते नव्याने सांगायचं. रांगोळी ताणली जाते नाहीतर आकसते, म्हणजे स्पीड बदलतो आणि सूरही बदलतो. दुसरं काम खरं कन्व्हर्जन, ज्याला रीसॅम्पलिंग म्हणतात: रांगोळी आहे तेवढीच, तशीच दिसली पाहिजे, पण ठिपके नव्या अंतरावर मांडायचे, म्हणजे प्रत्येक नव्या ठिपक्याची जागा हिशोब करून काढायची. स्पीड तोच, सूर तोच, आकडे सगळे नवीन.

लेबल चुकलं असेल तर लेबलच दुरुस्त करायचं. लेबल चुकलेलं असताना रीसॅम्पल केलं की चूक फाईलमध्ये कायमची शिजते, आणि मग कोणीही ऐकलं तरी त्याला वाटतं गाणं मुळातच असं असेल.

गेमवाल्यांनी असे रेट घेतलेच का

हा भाग वगळू नका, कारण कारण कळलं की आकडा बघूनच ओळखता येतं.

प्लेस्टेशनचं घ्या. त्याची साऊंड चिप ४४१०० वरच चालते, पण डिस्कवरून सरळ वाजणारं बरंचसं म्युझिक आणि बोलणं एक्सए नावाच्या फॉरमॅटमध्ये असतं आणि त्याचे रेट दोन, ३७८०० आणि १८९००. विचित्र वाटतात ना? हिशोब बघा. एक्सएच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका ठराविक तुकड्यात, स्टिरिओचे २०१६ ठिपके मावतात. ३७८०० ला २०१६ ने भागलं की १८.७५, म्हणजे सेकंदाला पावणेएकोणीस सेक्टर लागतात. प्लेस्टेशन डिस्क डबल स्पीडला फिरवतं, सेकंदाला १५० सेक्टर. १५० भागिले १८.७५ बरोब्बर ८. म्हणजे दर आठवा सेक्टर गाण्याचा, मधले सात दुसऱ्या कशासाठीही मोकळे, व्हिडीओ भरा नाहीतर दुसरी सात गाणी. ४४१०० घेतलं असतं तर हे भागाकार कधीच पूर्णांकात बसले नसते आणि सेक्टर कुठला कुणाचा हा हिशोब विस्कटला असता. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं, कारण तोपर्यंत मी ३७८०० हा कोणीतरी मनाला येईल तसा घेतलेला आकडा समजत होतो.

गेमबॉय ॲडव्हान्समध्ये तर ऑडिओ स्क्रीनशी बांधलेला असतो. त्याचा प्रोसेसर १६७७७२१६ हर्ट्झवर चालतो, एक फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र, काढायला त्याच्या घड्याळाच्या २८०८९६ सायकल लागतात, म्हणजे सेकंदाला ५९.७२७५ फ्रेम. ६० नाही. बऱ्याच गेममध्ये दर फ्रेमला २२४ ठिपके मिक्स होतात, गुणाकार करा, १३३७९ येतं. हा १३३७९ कुठे दिसला तर डोळे झाकून समजा, गेमबॉय ॲडव्हान्सचा माल आहे.

बाकीच्या गेम मशिनचे पटापट सांगतो. निन्टेन्डो डीएसचा ३२७६८ लिहिलेला सापडतो पण घड्याळाचा हिशोब केला तर ३२७२८ येतो. गेमक्यूबमध्ये ५४ मेगाहर्ट्झला ११२४ किंवा १६८६ ने भागतात, म्हणून ४८००० ऐवजी ४८०४३ च्या जवळ आणि ३२००० ऐवजी ३२०२८ च्या जरासं वर. सुपर निन्टेन्डो कागदावर ३२०००, खऱ्या मशिनवर थोडा जास्त आणि मशिनगणिक वेगळा. मेगा ड्राइव्हची एफएम चिप ५३२६७. जुन्या डॉस गेममध्ये ११०२५ लिहिलेलं असतं, पण जुन्या साऊंड ब्लास्टरमध्ये रेट सेट करताना दहा लाखाला एका पूर्णांकाने भागावं लागायचं, त्यामुळे खरा वाजायचा तो १०९८९ किंवा १११११.

पायरी १: खरा रेट शोधा

फाईलला हेडर असेल तर मीडियाइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाका, आकडा दिसेल. गेमच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली फाईल असेल तर व्हीजीएमस्ट्रीम वापरा, शेकडो फॉरमॅट ओळखतं आणि फूबार या म्युझिक प्लेयरमध्ये प्लगइन म्हणून पण बसतं, रेट आणि लूप (धून कुठून कुठे परत फिरते ते) दोन्ही दाखवतं. प्लेस्टेशनच्या डिस्कसाठी जेपीएसएक्सडेक, त्यात एक्सएचा रेट डिस्कवर जो लिहिलाय तोच वाचून वेव्ह फाईल बनते, त्यामुळे चूक व्हायला जागाच कमी. भाच्याने नेमकं हेच केलं नव्हतं, कुठल्याशा जुन्या टूलने हेडर नसलेली कच्ची फाईल काढून ती ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट केली आणि रेटच्या रकान्यात आधीपासून होतं ते ४४१०० तसंच राहू दिलं.

रेट कुठूनच कळत नसेल तर घड्याळ लावा. गेम चालू करून ती धून सुरुवातीपासून लूप होईपर्यंत किती सेकंद चालते ते मोजा, तेवढाच तुकडा फाईलमध्ये किती सेकंदाचा आहे ते बघा. मग: फाईलवर लिहिलेला रेट गुणिले फाईलमधले सेकंद, भागिले गेममधले सेकंद. आमच्याकडे गेममध्ये ७० सेकंद भरले, फाईलमध्ये ६०. ४४१०० गुणिले ६० भागिले ७०, उत्तर ३७८००. भाचा ओरडलाच. आकडा इतका नेटका प्रत्येक वेळी येत नाही, ३७६५० किंवा ३७९०० पण येईल कारण स्टॉपवॉच दाबण्यात आपला हात पुढेमागे होतो, मग जवळचा ओळखीचा रेट घ्यायचा.

सुराने पण पकडता येतं. ३७८०० चा माल ४४१०० म्हणून वाजवला तर तो साधारण पावणेतीन स्वर-पट्ट्या चढतो, म्हणजे पेटीवर पावणेतीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. ४४१०० चा माल ४८००० म्हणून वाजला तर दीड पट्टी. पेटी नसेल तर मोबाईलवर ट्यूनरचं कुठलंही ॲप चालेल. मात्र ३२००० आणि ३२०२८ असला फरक कानाला कळणार नाही, तो एका पट्टीच्या पन्नासाव्या भागाएवढा पण नसतो, तो फक्त व्हिडीओसोबत लावताना त्रास देतो, त्यावर पुढे लिहिलंय.

पायरी २: लेबल दुरुस्त करा

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावापाशी क्लिक केलं की मेनू उघडतो, त्यात रेट असतो, तिथे यादीत नसलेला आकडा हाताने टाईप करता येतो. ३७८०० टाका. लाट लगेच ताणली जाईल आणि ६० सेकंदाचा ट्रॅक ७० चा होईल. हे लेबलवालं काम. ट्रॅक्स मेनूमध्ये रीसॅम्पल म्हणून जे आहे ते दुसरं काम, त्याला अजून हात लावू नका. दोन्हीच्या खिडकीत आकडाच टाकायचा असतो, त्यामुळे घाईत अदलाबदल होते.

कमांड टाईप करायची सवय असेल तर एफएफएमपेगमध्ये या दोन कामांचे दोन वेगळे फिल्टर आहेत, ए-सेट-रेट म्हणजे लेबल आणि ए-रीसॅम्पल म्हणजे कन्व्हर्जन. दोन्ही एकत्र लावत असाल तर ए-सेट-रेट आधी, ए-रीसॅम्पल नंतर. सॉक्स नावाच्या अशाच कमांडवाल्या टूलमध्ये रेटचा ऑप्शन इनपुट फाईलच्या आधी दिला तर ते लेबल, आणि शेवटी रेट नावाचा इफेक्ट दिला तर कन्व्हर्जन. जागा बदलली की अर्थ बदलतो, लक्ष द्या.

लेबल बरोबर झालं की इथेच थांबून ही फाईल फ्लॅकमध्ये सेव्ह करा. फ्लॅकला ३७८०० चालतो, १३३७९ पण चालतो, काही कुरकुर करत नाही, आणि एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही. ऑडॅसिटीतून एक्सपोर्ट करताना खिडकीतला सॅम्पल रेट पण ३७८०० आहे ना ते बघा, नाहीतर तिथे प्रोजेक्टचा ४४१०० बसलेला असतो आणि नकळत कन्व्हर्जन होऊन जातं. ही तुमची मूळ प्रत. मी एका वर्षी अख्ख्या गेमची चाळीसेक गाणी सरळ एमपीथ्री केली, मूळ फाईली जागा खातात म्हणून उडवल्या, आणि सहा महिन्यांनी लक्षात आलं की सगळी चुकीच्या लेबलवर कन्व्हर्ट झालीयत. तोवर डिस्कला ओरखडे पडून ती वाचणं बंद झालं होतं. चाळीसमधली अकरा गाणी मला आजपर्यंत परत मिळालेली नाहीत.

पायरी ३: कुठल्या रेटला न्यायचं

हे एन्कोडरवर, म्हणजे एमपीथ्री, एएसी, ओपस, व्हॉर्बिस अशा छोट्या फाईली बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ठरतं. एमपीथ्रीला फक्त नऊ रेट माहितीयत: ३२०००, ४४१००, ४८०००, त्यांचे निम्मे १६०००, २२०५०, २४०००, आणि त्यांचेही निम्मे ८०००, ११०२५, १२०००. यात ३७८०० नाही. एएसीची यादी मोठी आहे, ९६००० पर्यंत जाते, पण त्यातही ३७८०० नाही. ओपस आतून ४८००० वरच जगतो, त्याला ४४१०० दिलं तरी एन्कोड होण्याआधी ते ४८००० करावंच लागतं. व्हॉर्बिसला मात्र विचित्र रेट जसाच्या तसा चालतो.

मग यादीबाहेरचा रेट एन्कोडरला दिला तर काय होतं? काही एरर देऊन थांबतात, ते बरे. काही गुपचूप आपलंच रीसॅम्पलिंग करून मोकळे होतात, कसं केलं ते सांगत नाहीत. म्हणून हे काम आपणच आधी करायचं, चांगल्या टूलने, आणि एकदाच. ३७८०० चं ४४१०० केलं, मग ओपससाठी त्याचं ४८००० केलं, असं दोनदा करायचं नाही, प्रत्येक वेळी फ्लॅकच्या मूळ प्रतीपासून सुरू करायचं.

माझं मत विचाराल तर सरळ ४८००० करा. मोबाईल, टीव्ही, व्हिडीओ सगळीकडे तोच चालतो. वर नेल्याने आवाज सुधारत नाही हे खरं, १३३७९ च्या फाईलमध्ये त्याच्या निम्म्याच्या वर म्हणजे ६६८९ हर्ट्झच्या वर काही नसतंच, पण खाली नेल्याने जे जातं ते जातं. सुपर निन्टेन्डोच्या ३२०४० चं ३२००० करण्यात काय मोठा फरक असं वाटतं, तरी तिथे फिल्टर वरचा थोडा भाग कापतोच, मग वर जायला काय हरकत आहे.

पायरी ४: कन्व्हर्ट करताना

गुणोत्तर नीट बसतं का याची काळजी करू नका. ३७८०० ते ४४१०० म्हणजे सहाचे सात, ३२००० ते ४८००० म्हणजे दोनाचे तीन, छान वाटतं, पण १३३७९ आणि ४८००० मध्ये एकही सामाईक भाजक नाही आणि तरीही सॉक्सचा रीसॅम्पलर ते उत्तम करतो. क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा, तीन मिनिटांच्या गाण्याला दोन-चार सेकंदही लागत नाहीत.

आवाज आधी थोडा कमी करा. जुन्या गेमचं म्युझिक बरेचदा अगदी वरपर्यंत भरलेलं असतं, आणि नवे ठिपके दोन जुन्या ठिपक्यांच्या मधे पडतात तेव्हा तिथली लाट दोघांपेक्षा उंच असू शकते, मग टोक कापलं जाऊन खर्र असा आवाज येतो. दोन-तीन डेसिबल खाली घ्या, आणि काम ३२ बिट फ्लोटमध्ये करा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची उंची जास्त बारकाईने नोंदवली जाते. शेवटी १६ बिट करताना डिदर (आकडे गोल करताना होणारी चूक झाकणारी अगदी बारीक खरखर) चालू ठेवा.

लूप असेल तर लूपचे आकडेही गुणायला लागतात, हे विसरलं की गाणं परत सुरू होताना अडखळतं. १३३७९ च्या फाईलमध्ये लूप ४०१३७ व्या ठिपक्यावर असेल तर तो बरोबर तिसरा सेकंद, ४८००० मध्ये १४४००० होईल, सोपं. पण लूप १००००० वर असेल तर ३५८७७१.२ येतं, आणि पॉइंट दोनाचा ठिपका कुठे ठेवणार? नुसतं ऐकायचं असेल तर मी सरळ मूळ रेटमध्येच लूप दोनदा उलगडून, शेवटी दहा सेकंदांचा फेड देऊन मग कन्व्हर्ट करतो. गेममध्ये परत वापरायचं असेल तर व्हॉर्बिस घ्या आणि मूळ रेट तसाच राहू द्या. एमपीथ्री लूपसाठी घेऊ नका, तो सुरुवातीला आणि शेवटी स्वतःची थोडी शांतता जोडतो.

पायरी ५: बघून घ्या

ऑडॅसिटीत ट्रॅक स्पेक्ट्रोग्राम करून बघा, म्हणजे कुठल्या वेळी किती हर्ट्झचा आवाज आहे त्याचं चित्र दिसतं. ३७८०० चा माल ४८००० केला तर चित्र १८९०० हर्ट्झपर्यंत भरलेलं आणि त्याच्या वर स्वच्छ काळं दिसायला हवं. वरच्या भागात खालच्याच चित्राची उलटी छाया दिसली, तलावात इमारत दिसते तशी, तर रीसॅम्पलर हलका होता, परत करा. एक अपवाद आहे. गेमबॉय ॲडव्हान्स इम्युलेटरमधून (कॉम्प्युटरवर त्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून) रेकॉर्ड केला असेल तर ही छाया मुळातच असते, कारण ते मशिनच आपले ठिपके फार न गुळगुळीत करता बाहेर सोडतं, तो चुरचुरीत आवाज त्याचा स्वतःचा आहे. काहीजण तो फिल्टरने काढतात. मी काढत नाही, लोकलमध्ये बसून हेडफोन लावून ज्यांनी ते गेम खेळलेत त्यांच्या कानात तो तसाच आहे.

मग लांबी तपासा, मूळ फ्लॅक ७० सेकंद तर एमपीथ्री पण ७० च, फार तर सेकंदाचा अगदी छोटा अंश जास्त.

व्हिडीओसोबत असेल तर

गेमप्ले रेकॉर्ड करून एन्कोड करणाऱ्यांचा हा नेहमीचा त्रास: सुरुवातीला सगळं बरोबर आणि तासाभराने आवाज आधी, उडी नंतर. सुपर निन्टेन्डो सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम काढतो. व्हिडीओवर ६० लिहिलं की एका तासाचा खेळ जवळजवळ सहा सेकंद लांबतो, ऑडिओ मात्र तासाचाच राहतो. लोक मग ऑडिओ ताणतात. नका ताणू. इथेही चुकीचं लेबलच आहे, फक्त ते व्हिडीओवर आहे, तिथे ६०.०९८८ लिहा, गेमबॉय ॲडव्हान्सला ५९.७२७५. ऑडिओला हात लावायची वेळ तेव्हाच येते जेव्हा त्याचं स्वतःचं लेबल गोल केलेलं असतं, उदाहरणार्थ गेमक्यूबच्या ३२०२८ वर कोणीतरी ३२००० लिहिलेलं, त्याने दहा मिनिटांत अर्धा सेकंद सरकतो. ते लेबल दुरुस्त करा आणि मग ४८०००.

फाईलच्या नावात मूळ रेट टाकायची सवय लावा, गेमचं नाव, ट्रॅक नंबर, ३७८००, बस. भाच्याने त्या रात्री आरतीनंतर बसून सगळे बावीस ट्रॅक परत काढले, जेपीएसएक्सडेकने, आणि त्यातले चार १८९०० चे निघाले, मेनूमधलं बोलणं होतं ते. ते त्याने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.